शेवग्याच्या पाल्याची पावडर अमेरिकेला पाठवायची आहे, सुरुवात कुठून करू?

सांगोल्याजवळच्या दोन भावांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. सहा एकर शेवगा आहे, त्यातला दोन एकर फक्त पाल्यासाठी राखला आहे. ट्रे ड्रायर आणि पल्व्हरायझर (दळायचं यंत्र) घेतला आहे, एफएसएसएआयचा परवाना आहे. न्यू जर्सीतला मावसभाऊ म्हणतो, तिकडे 'सुपर ग्रीन्स' पावडरी चांगल्या खपतात. आपल्या नावाचे 200 ग्रॅमचे डबे भरून पहिल्या खेपेला 500 किलो माल पाठवा. एका सल्लागाराने 'एफडीए सर्टिफिकेट' काढून देतो म्हणून 80 हजार रुपये मागितले आहेत. ते द्यावेत का, आणखी काय काय लागेल, आणि किती दिवस लागतील?

मी 22 वर्षं वनस्पतींच्या भुकट्या आणि अर्क बनवणाऱ्या कारखान्यांत गुणवत्ता विभाग सांभाळला आणि त्यातली बहुतेक वर्षं माल अमेरिका आणि युरोपला जात होता. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी ते 80 हजार. देऊ नका. अमेरिकेची एफडीए असं सर्टिफिकेट कुणालाच देत नाही. आपला घोळ होतो तो नावामुळे. महाराष्ट्रात एफडीए म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राज्याचं अन्न व औषध प्रशासन येतं, तिथून परवाना मिळतो, तो फ्रेम करून भिंतीवर लागतो. अमेरिकेत तसं नाही. 2002च्या जैवदहशतवाद कायद्यानुसार, तिथे विकलं जाणारं अन्न जिथे बनतं, भरलं जातं किंवा साठवलं जातं त्या जागेची नोंदणी करायची असते. ती ऑनलाइन होते आणि फुकट होते. तुम्हाला लागतं ते एवढंच: जागेचा डन्स क्रमांक (व्यवसायाच्या जागेला मिळणारा जागतिक ओळख क्रमांक) आणि अमेरिकेत राहणारा एक 'यूएस एजंट', म्हणजे एफडीएने फोन केला तर उचलणारा माणूस. ही सेवा देणाऱ्या कंपन्या वर्षाची फी घेतात, ती रास्त आहे. नोंदणीचं नूतनीकरण प्रत्येक सम वर्षी 1 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर या काळात करावं लागतं. विसरलात तर नोंदणी रद्द होते, आणि ते बहुतेकांना माल बंदरात पोचल्यावर कळतं. नोंदणी क्रमांक मिळाला म्हणजे एफडीएने तुमचा माल मंजूर केला असं मुळीच नाही. लेबलवर 'एफडीए ॲप्रूव्ह्ड' छापणं हाच तिथे गुन्हा ठरतो.

आता दुसरी गोष्ट. इथे मी तुमच्या बेताच्या विरोधात बोलणार आहे. स्वतःच्या नावाचे डबे आत्ता पाठवू नका. पहिली दोन-तीन वर्षं 20 किंवा 25 किलोच्या पिशव्यांत कच्चा माल म्हणून पावडर विका.

कारण असं. अमेरिकेत 1994च्या कायद्याने डायटरी सप्लिमेंटला, म्हणजे आहाराला पूरक म्हणून घ्यायच्या भुकट्या-गोळ्यांना, अन्नाचाच एक प्रकार मानलं, पण 2007मध्ये त्याच्या उत्पादनासाठी वेगळे, बरेच कडक नियम आले: 21 सीएफआर (अमेरिकेच्या केंद्रीय नियमसंग्रहाचा 21वा खंड), भाग 111. डबा भरून 'डायटरी सप्लिमेंट' म्हणून विकलात की तुम्ही त्या नियमाखाली येता. प्रत्येक घटकाची ओळख तपासून सिद्ध करायची, प्रत्येक बॅचचं तपशील-पत्रक ठरवायचं, ते पाळल्याचे पुरावे ठेवायचे, नमुने राखून ठेवायचे, तक्रारींची वही ठेवायची. लेबलवर ठरलेल्या मांडणीची 'सप्लिमेंट फॅक्ट्स'ची चौकट लागते. अमेरिकेतला पत्ता किंवा फोन लागतो, कारण कुणाला गंभीर त्रास झाला तर 15 कामकाजाच्या दिवसांत एफडीएला कळवणं बंधनकारक आहे. तो फोन मावसभावाच्या घरी वाजणार असेल तर त्याला आधी नीट विचारा.

पिशवीतून घटक म्हणून विकलात तर तुम्ही साध्या अन्नाच्या नियमाखाली, म्हणजे भाग 117 खाली येता. तोही सोपा नाही. धोक्यांचं विश्लेषण आणि नियंत्रणाची लेखी योजना लागते, आणि ती योजना करणारा प्रशिक्षित माणूस लागतो. पण दोन भाऊ आणि एक हुशार बीएस्सी मुलगा किंवा मुलगी मिळून हे करू शकता. भाग 111 मात्र तुमच्या आजच्या बळावर पेलणार नाही.

मावसभावाने हेही म्हटलं असेल की थोडी थोडी पार्सलं कुरिअरने पाठवा, 800 डॉलरच्या आत कर लागत नाही. ती सवलत 29 ऑगस्ट 2025पासून बंद झाली. आणि कर असो नसो, विक्रीच्या खाद्यमालाची पूर्वसूचना एफडीएला द्यावीच लागते: समुद्रमार्गे माल पोचण्याच्या किमान आठ तास आधी, विमानाने चार तास आधी.

आता मूळ विषयाकडे येतो. कागद महिन्याभरात होतात, पावडर सुधारायला वर्ष लागतं. कोरडी पावडर नाशवंत नाही म्हणून आपल्याला ती सुरक्षित वाटते, आणि इथेच सगळे फसतात. साल्मोनेला, म्हणजे जुलाब-ताप आणणारा जंतू, कोरड्या पावडरीत वाढत नाही हे खरं. पण मरतही नाही, महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो, आणि कोरडेपणात त्याची उष्णता सोसण्याची ताकद उलट वाढते. ओल्या पाल्यात जो जंतू 70 अंशांना पटकन मेला असता, तो सुक्या भुकटीत त्याच तापमानाला टिकून राहतो. त्यामुळे 'आमचा ड्रायर गरम असतो, जंतू मरतातच' हे विधान खरेदीदारासमोर कधीही करू नका. तुमचा ड्रायर 50-55 अंशांवर चालतो. तिथे पाणी जातं, जंतू जात नाहीत.

आणि हे ग्राहक ती पावडर शिजवत नाहीत. आपल्याकडे शेवग्याचा पाला भाजीत जातो, कढईत परततो. तिकडे एक चमचा पावडर थंड स्मूदीत ढवळून पितात. ऑक्टोबर 2025मध्ये अमेरिकेच्या एफडीए आणि सीडीसीने (तिथलं रोगनियंत्रण केंद्र) साल्मोनेलाच्या एका उद्रेकाचा माग काढला, तो अशाच पावडरींमधल्या मोरिंगाच्या, म्हणजे शेवग्याच्या, पानांच्या भुकटीपर्यंत गेला, आणि ती भुकटी भारतातून गेलेली होती. तेव्हापासून भारतीय मोरिंगा म्हटलं की तिकडचा खरेदीदार पहिला प्रश्न याचाच विचारतो. त्याला उत्तर देता आलं पाहिजे.

माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. नवी मुंबईतल्या एका कारखान्यात आम्ही वनस्पतींच्या मिश्र भुकटीची एक खेप पाठवली. आमच्या अहवालात साल्मोनेला नाही, पलीकडे बंदरावर सापडला. माल अडला, शेवटी नष्ट करावा लागला. तीन आठवडे आम्ही कारण शोधत होतो. पाणी तपासलं, माणसांचे हात तपासले, कच्चा माल तपासला. काहीच मिळेना. शेवटी फिटरला व्हायब्रो-सिफ्टरचे (थरथरणाऱ्या यांत्रिक चाळणीचे) सगळे नट खोलायला लावले. चाळणीखालची रबरी गॅसकेट उचलली तर तिच्या खाचेत हिरवट-तपकिरी लगदा बसला होता, नखाने खरवडावा लागला इतका घट्ट. रोज रात्री पाळी संपली की आमची माणसं मशीन पाइपाने धुवायची. मला त्या स्वच्छतेचा अभिमान होता. तेच पाणी गॅसकेटखाली जाऊन पावडरीचा लगदा होत होता, त्यात जंतू वाढत होते, आणि दुसऱ्या दिवशी चाळणी थरथरली की तो लगदा सुकून कणाकणाने मालात पडत होता. तो स्वॅब प्रयोगशाळेतून पॉझिटिव्ह आला त्या दिवशी मला झोप लागली नाही. ती पावडर कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात गेली असती.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो: पल्व्हरायझर आणि चाळणीच्या खोलीत पाण्याचा नळच ठेवू नका. ब्रश, खरवडणी, व्हॅक्यूम, आणि शेवटी अल्कोहोलने पुसणं, एवढंच. ज्या दिवशी धुवावंच लागेल त्या दिवशी मशीन सुटं करून, पूर्ण वाळवून, दुसऱ्या दिवशी स्वॅब घेऊनच सुरू करा. ओल्या बाजूच्या चपला कोरड्या बाजूला येऊ देऊ नका. पाला धुण्याचा ओटा आणि दळण्याची खोली यांच्यात भिंत हवी, पडदा चालणार नाही. पाला तोडल्यावर जमिनीवर पसरून ठेवण्याची सवय बंद करा; कबुतर, पाल, शेळी, कुत्रं यांतलं काहीही वरून जाऊ शकतं.

यानंतर जंतू मारण्याची पायरी वेगळी लागते. तिचे तीन मार्ग बाजारात आहेत आणि इथे देशाप्रमाणे उत्तर बदलतं. इथिलीन ऑक्साइड वायू, म्हणजे ज्याला सगळे ईटीओ म्हणतात, तो अमेरिकेत वाळलेल्या मसाल्यांना आणि मसाल्यासारख्या वापरायच्या पाल्यांना ठरावीक अवशेषमर्यादेत चालतो. युरोपात चालत नाही. 2020मध्ये भारतीय तिळात ईटीओ सापडल्यावर तिकडे जी धरपकड झाली, तिच्यात आपल्या सप्लिमेंटच्या भुकट्याही अडकल्या. शिवाय अमेरिकेतलेही बरेच खरेदीदार आता तो नको म्हणतात, आणि ऑर्गॅनिक मालाला तर तो चालतच नाही. दुसरा मार्ग विकिरणाचा, म्हणजे गॅमा किरणांनी जंतू मारण्याचा. वाशीला बीआरआयटी या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेचा प्रकल्प आहे, मसाले तिथे वर्षानुवर्षं जातात. पण सप्लिमेंटच्या घटकांना त्याची परवानगी गृहीत धरू नका, आणि जिथे चालतं तिथे लेबलवर तसं लिहावं लागतं. तिसरा मार्ग वाफेचा. मी तुम्हाला वाफच सुचवेन. तिने हिरवा रंग जरा मळकट, शेवाळी होतो, हे खरेदीदाराला आधीच नमुना पाठवून दाखवा. दोनशे ग्रॅम वाफेआधीची, दोनशे ग्रॅम वाफेनंतरची, दोन्ही पिशव्या शेजारी ठेवून. रंगावरून नंतर भांडणं होतात ती इथे मिटतात.

वाफ देणाऱ्या युनिटकडून 'आम्ही स्टरिलाइज केलं' एवढी चिठ्ठी घेऊ नका. तुमच्या पावडरीवर, त्या तापमानाला, त्या वेळात जंतूंची संख्या किती पटींनी घटते याचा पडताळा मागा. खरेदीदार साधारणपणे पाच-लॉग घट मागतो, म्हणजे एक लाखातला एकच उरावा. आणि वाफेनंतर पिशवी कुठे उघडते ते पाहा. वाफेतून आलेला शुद्ध माल परत तुमच्या जुन्याच चाळणीवर ओतला, तर सगळं पाण्यात गेलं.

तपासणीबद्दल एक महत्त्वाचं. स्थानिक प्रयोगशाळेत 25 ग्रॅमचा एक नमुना देऊन 'साल्मोनेला: अनुपस्थित' असा कागद आणणं म्हणजे 500 किलोच्या ढिगातून एक चिमूट उचलणं. अमेरिकेत अनेक पिशव्यांतून 25-25 ग्रॅम काढून 375 ग्रॅमचा एकत्र नमुना तपासतात. तुमच्या एनएबीएल (राष्ट्रीय मान्यता असलेल्या) प्रयोगशाळेला तेच करायला सांगा, पैसे जास्त लागले तरी.

जंतूंनंतर शिसं. हा हिशेब मी प्रत्येक नव्या निर्यातदाराला कागदावर करायला लावतो. एक पीपीएम म्हणजे एका ग्रॅममध्ये एक मायक्रोग्रॅम. समजा तुमच्या पावडरीत शिसं 0.5 पीपीएम आलं. युरोपात सप्लिमेंटला 3 पीपीएमची मर्यादा आहे, म्हणजे तुम्ही आरामात आत. आता कॅलिफोर्निया. तिथल्या प्रॉपोझिशन 65 या कायद्यात शिशाची रेषा दिवसाला 0.5 मायक्रोग्रॅम आहे. त्यापुढे इशारा छापावा लागतो, नाही छापला तर दावे होतात. डब्यावर रोज 10 ग्रॅम घ्या असं लिहिलं, तर 10 गुणिले 0.5, म्हणजे 5 मायक्रोग्रॅम. रेषेच्या दहापट. तीच पावडर, तोच अहवाल. म्हणून खरेदीदाराला पहिल्याच बोलण्यात दोन गोष्टी विचारा: माल कॅलिफोर्नियात विकणार का, आणि रोजचं प्रमाण किती ग्रॅम?

हे शिसं बहुतेक वेळा मातीतून आणि धुळीतून येतं. तुमचा पाल्याचा प्लॉट रस्त्याला लागून असेल तर बांधाकडच्या पहिल्या ओळी पावडरीला घेऊ नका. पाला दोन पाण्यांनी धुऊन मगच ड्रायरला घाला, आणि धुण्याआधीचा व नंतरचा असे दोन नमुने शिशासाठी पाठवा. फरक पाहिलात की धुण्यावरचा खर्च तुम्हाला खुपणार नाही. बोअरचं पाणीही एकदा तपासून घ्या.

कीडनाशकांचं गणित वेगळं आहे. ज्या पिकावर ज्या औषधाची मर्यादा अमेरिकेने ठरवलेलीच नाही, तिथे ते औषध सापडलं की माल अडतो. 'थोडंच आहे' ही सबब चालत नाही. पाल्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, ते गेलं की अवशेष चारपट दाट दिसतात. म्हणून शेंगांच्या चार एकरांवर जी फवारणी होते ती पाल्याच्या दोन एकरांवर उडता कामा नये. मधे एक पट्टा सोडा, आणि शेंगांच्या झाडांचा छाटलेला पाला 'वाया कशाला घालवायचा' म्हणून पावडरीत मिसळू नका. हा मोह मी फार ठिकाणी पाहिला आहे.

आता नोंदी. अमेरिकेच्या 2011च्या अन्नसुरक्षा कायद्याने परदेशी पुरवठादाराची पडताळणी करण्याची जबाबदारी तिथल्या आयातदारावर टाकली, याला एफएसव्हीपी म्हणतात. म्हणजे मावसभाऊ आयातदार झाला तर तुमची धोका-योजना, तुमचे अहवाल, तुमच्या बॅचच्या वह्या त्याच्या फायलीत असाव्या लागतील आणि एफडीएचा माणूस त्या त्याच्याकडे मागेल. मावसभावाची नोकरी सांभाळून हे होणार नाही. एखादा घटक-वितरक आयातदार शोधा, मावसभावाला तुमचा प्रतिनिधी करा.

तो वितरक ऑडिटर पाठवतो तेव्हा काय पाहतो? मी स्वतः पुरवठादारांची ऑडिटं केली आहेत. एका ठिकाणी ड्रायरची नोंदवही उघडली. बारा तास, दर तासाला एक आकडा, आणि प्रत्येक रकान्यात 50. एकाच पेनाने, एकाच दाबाने, एका बैठकीत लिहिलेलं. ड्रायर तसा चालत नाही. दार उघडलं की 46 होतो, वीज गेली की 38 होतो. मी तिथेच वही मिटली, कारण पुढच्या कुठल्याच पानावर विश्वास ठेवता येईना. तुमच्या वहीत '3.20 ते 4.05 वीज नाही, तापमान 39, ट्रे 4 पुन्हा वाळवला' असं लिहिलेलं असेल तर ऑडिटरचा तुमच्यावर विश्वास बसेल. प्रत्येक पिशवीवरच्या क्रमांकावरून कुठल्या प्लॉटचा, कुठल्या दिवशी तोडलेला पाला हे दहा मिनिटांत सांगता आलं पाहिजे. घरी आईला एक पिशवी निवडायला सांगा आणि सराव करा.

एफडीएचे निरीक्षक स्वतः भारतात येतात, आणि परदेशी कारखान्यांच्या पूर्वसूचनेविना तपासण्या वाढवण्याचं त्यांनी मे 2025मध्ये जाहीर केलं आहे. दार नाकारलंत तर तुमचा माल न तपासताच अडवण्याच्या यादीत जातो. या याद्यांना इम्पोर्ट अलर्ट म्हणतात. आत जाणं एका खेपेत होतं, बाहेर यायला साधारण पाच खेपा ओळीने निर्दोष जाव्या लागतात, आणि त्या प्रत्येक खेपेचा तपासणीखर्च व बंदरभाडं तुमचंच. माल नाकारला गेला तर 90 दिवसांत परत आणायचा किंवा नष्ट करायचा. म्हणून सौदा एफओबी न्हावा शेवा ठेवा, म्हणजे माल न्हावा शेवा बंदरात जहाजावर चढेपर्यंतच जबाबदारी तुमची. 'दारात पोचवून द्या, कर-बिर तुमचाच' असा डीडीपी सौदा पहिल्या खेपेला कुणी कितीही गोड बोललं तरी घेऊ नका. ईसीजीसीचा (निर्यातीचे पैसे बुडण्यावरचा सरकारी कंपनीचा) विमा जरूर काढा, पण मालाच्या दर्जावरून झालेला वाद त्यात येत नाही हे लक्षात ठेवा.

लेबल आणि जाहिरात: डब्यांचं पुढे कधी केलंत तरी हे आजपासून पाळा. 'मधुमेहावर गुणकारी', 'रक्तदाब कमी करते' असं एक वाक्य तुमच्या वेबसाइटवर किंवा फेसबुक पानावर असलं, तर अमेरिकन कायद्याने ती पावडर औषध ठरते, आणि परवानगी नसलेलं औषध म्हणून अडते. आपल्याकडे शेवग्याचे गुण सांगताना हे सहज लिहिलं जातं. आजच ती पानं उघडा आणि पुसा.

इकडचे कागद फार त्रासाचे नाहीत. डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) आयईसी म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, निर्यात परिषदेचं सभासदत्व, एफएसएसएआय परवान्यात निर्यात हा व्यवसाय-प्रकार. एचएस कोड (कस्टमसाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक) मात्र कस्टम हाउस एजंटशी बसून ठरवा: निव्वळ पाल्याची भुकटी बहुतेक वेळा 1211 मध्ये जाते, तिच्यात प्रोटीन किंवा चव मिसळली की 2106 मध्ये, आणि पलीकडचा आयातकर त्यावर ठरतो. ऑर्गॅनिक म्हणून विकणार असाल तर आपलं एनपीओपी (भारताच्या ऑर्गॅनिक योजनेचं) प्रमाणपत्र अमेरिकेसाठी पुरत नाही. 2021मध्ये त्यांनी ती मान्यता काढून घेतली, आता थेट एनओपीचं, म्हणजे अमेरिकेच्या ऑर्गॅनिक योजनेचं, प्रमाणपत्र लागतं.

पावसाळ्यात पहिली खेप पाठवू नका. तांबड्या समुद्रातल्या गडबडीपासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली आहेत, दिवस वाढतात, आणि दमट हवेत भरलेल्या कंटेनरच्या छताला रात्री घाम येतो. पिशवीच्या आत जाड प्लास्टिकचं अस्तर, कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पट्ट्या, आणि भरण्याच्या दिवशी पावडरीची वॉटर ॲक्टिव्हिटी (जंतूंना वापरता येईल अशा मोकळ्या पाण्याचं माप) 0.6 च्या खाली असल्याची नोंद ठेवा. नुसता ओलाव्याचा टक्का पुरत नाही.

वेळेचं विचारलंत. दळण्याची खोली वेगळी करणं, वाफेच्या युनिटशी पडताळा, सलग तीन बॅचचे अहवाल आणि वितरकाचं ऑडिट धरून आठ ते बारा महिने. आता दिवाळी झाली की पाल्याची छाटणी चालू होईल. या छाटणीतल्या पहिल्याच 20 किलोंपासून सुरुवात करा: धुण्याआधीचा, धुतलेला, वाळलेला आणि दळलेला असे चार नमुने एकाच दिवशी प्रयोगशाळेत द्या. शिसं, कीडनाशकं आणि जंतू, तिन्हींसाठी. ते चार अहवाल हातात आले की कुठल्या पायरीवर पैसे घालायचे हे तुम्हाला दिसेल, आणि त्या सल्लागाराला द्यायचे 80 हजार तिथेच लागतील.